दहापैकी तीन

यारलिंगा गावात ग्लेंडा झाडो गेली एकोणीस वर्षं एकच प्रश्न विचारत होती. "शून्य ते दहा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही. किती दुखतंय?"

गावच्या अँब्युलन्सवर पगारी माणूस एकही नव्हता. सहा स्वयंसेवक होते, त्यांत ग्लेंडा सगळ्यांत जुनी. मिळालेल्या उत्तरांवरून तिनं गावातल्या माणसांची प्रतवारी लावून ठेवली होती. फुटबॉलवाले सरसकट 'अकरा' सांगत. करंगळी सरकली तरी अकराच. शेतकरी 'चार' सांगत. क्लॅरी नोस्केचा हात धान्य वर चढवायच्या यंत्रात कोपरापर्यंत ओढला गेला होता, तेव्हा आभाळाकडे बघत तो म्हणाला होता, "चार. फार तर साडेचार धर." आणि बायका 'दोन' म्हणत आणि वर माफी मागत. तुला जेवणावरून उठवलं का गं, उगाच त्रास.

या तिन्ही जातींचा ग्लेंडाला मनापासून तिटकारा होता. अकरावाल्यांचा जरा जास्त, कारण ते किंचाळतही असत. आपण स्वतः कुठल्या जातीतल्या, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. विचारणाऱ्याला जात नसते असं तिला वाटायचं.

ग्लेंडा सत्तेचाळीस वर्षांची होती आणि आठ वर्षं झाली, महिन्यातले नऊ-नऊ दिवस तिच्या अंगावरून नळ सोडल्यासारखं जात होतं. रात्रीची जाड पॅड ती दिवसा वापरायची, तीही एकावर एक दोन, आणि तासाला बदलायची. अँब्युलन्सचा युनिफॉर्म गडद हिरवा होता, ही त्या खात्यानं तिच्यावर केलेली एकमेव कृपा. पेशंटच्या खाली घालायची निळी शोषक कागदं असतात, त्यांतलं एक घडी घालून ती स्वतःच्या सीटवर टाकायची. फुटबॉल क्लबाच्या कॅन्टीनमध्ये खुर्ची रिकामी असली तरी दुधाच्या उलट्या क्रेटवर बसायची, कारण क्रेट पाण्याखाली धरता येतो. चर्चमध्ये ती शेवटच्या बाकामागे उभी राहायची. ग्लेंडा फार भाविक झाली, असं लोक म्हणत.

गावचे डॉक्टर पास्को यांना हे सगळं पहिल्या वर्षापासून माहीत होतं. "वय आहे, पोरी," ते म्हणाले होते. "पन्नाशीला आपोआप थांबेल. तोवर कलेजी खा."

तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. अकरा वर्षं कलेजी खाऊन वाट बघायला सांगणाऱ्या माणसाला गावानं निवृत्तीआधीच चांदीचा ट्रे भेट दिला होता. दरवर्षी ग्लेंडा जायची आणि दरवर्षी पास्को तेच म्हणायचे, फक्त उरलेली वर्षं एकानं कमी करून. एकदा तिनं फारच लावून धरलं तेव्हा म्हणाले, "मग शहरात जाऊन पिशवीच काढून टाक ना. सहा आठवडे काही उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही. आहे का तयारी?"

नव्हती. आणि नसणार हे त्यांना ठाऊकच होतं.

घरच्यांत सासू होती, मर्ना. एक्याऐंशी वर्षांची, अंगणापलीकडच्या छोट्या घरात एकटी राहायची आणि कोंबड्या पाळायची. तिचं मत ठरलेलं होतं. "आम्ही चार पोरं काढली, सकाळ-संध्याकाळ तीस गाई पिळल्या आणि फडकी धुऊन शेडमागं वाळत घातली. या गोष्टीला डॉक्टर लागतो हे मला टीव्हीवरून कळलं."

आणि नवरा होता, डॅरिल. डॅरिलला मूतखडा झाला होता तेव्हा ग्लेंडानंच त्याला किंपाऱ्याच्या हॉस्पिटलात नेलं होतं. आकडा विचारायच्या आधीच तो अकरा म्हणाला होता. मग तिनं त्याच्या तोंडात हिरवी शिट्टी दिली. त्या हिरव्या नळीतून औषधाची वाफ ओढली की दुखणं शेजारच्या खोलीत जाऊन बसतं. गावात सगळे त्या नळीला शिट्टीच म्हणतात. सत्तर किलोमीटर डॅरिलनं क्लबाची गाणी म्हटली. आजही तो खड्याची गोष्ट सांगतो आणि लोक त्याला बियर पाजतात. बायकोच्या आठ वर्षांना मात्र त्याच्याकडे एकच शब्द होता. "तुझं ते."

जुलैत बेकरीवाल्याच्या बापाला उचलताना ग्लेंडाच्या डोळ्यांपुढे काळोख आला. ती गुडघ्यांवर कोसळली आणि तिच्या बाजूचं स्ट्रेचर खाली आलं. म्हातारा पट्ट्यांनी बांधलेला होता म्हणून वाचला, आणि त्यानं बेकरीवाल्याच्या घराण्याला साजेशा शिव्या दिल्या. दुसरं टोक लिंडन फायफरच्या हातात होतं. लिंडन धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळून निवृत्त झालेला, बोलणं मोजकं. ग्लेंडाला त्यानं पुढच्या सीटवर बसवलं, बेकरीवाल्याला बापाजवळ मागे बसवलं आणि गाडी किंपाऱ्याला आणली.

तिथल्या कॉरिडॉरमध्ये ती भिंतीला टेकून उभी होती, बगलेत निळ्या कागदाची घडी. समोर एक ठेंगणी डॉक्टरीण कागदी कपातून चहा पीत होती. दर गुरुवारी नव्हे, एक गुरुवार सोडून एक गुरुवारी येणारी, नाव दिल्हानी वीरकून.

"ते निळं कुणासाठी?" तिनं विचारलं.

"सीटसाठी."

"सीटला काय झालंय?"

ग्लेंडानं घडी पाठीमागे लपवली. डॉक्टरणीनं कप खिडकीत ठेवला आणि तिथंच, येत्या-जात्या लोकांसमोर, तिची खालची पापणी ओढून बघितली.

"हे डोळे आहेत की पांढरा कागद? किती दिवस चाललंय?"

"आठ वर्षं."

"आणि काय उपाय केलेत?"

"कलेजी खाल्ली," ग्लेंडा म्हणाली.

वीरकूनबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिथल्या तिथे रक्त काढायला लावलं आणि सोनोग्राफी करून पुढल्या खेपेला यायला सांगितलं.

लिंडननं पडण्याची रीतसर नोंद केली. करायलाच हवी होती, तरी ग्लेंडा दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. जिल्ह्याच्या साहेबाचं पत्र आलं. रक्तातलं हिमोग्लोबिन साडेसातवर आलेलं आहे. एक सप्टेंबरपर्यंत उचलण्याचं काम करण्यास योग्य असल्याचा डॉक्टरी दाखला द्यावा, अन्यथा नाव यादीतून कमी करण्यात येईल. एकोणीस वर्षांच्या सेवेबद्दल आभार, असंही खाली होतं. आगाऊच.

ग्लेंडानं ते पत्र तीनदा वाचलं. अँब्युलन्सवरून उतरवल्यावर आपण कोण उरतो, याचा हिशेब फार सोपा होता. डॅरिलची बायको. कॅन्टीनमध्ये खिमा भरलेले मीट-पाय गरम करणारी. दोघींपैकी एकीलाही भेटायची तिला हौस नव्हती.

वीरकूनबाईंची खोली हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला होती. वजनकाटा, बेसिन, भिंतीवर मुलांची उंची मोजायला चिकटवलेला जिराफ.

"चार वाटा आहेत," त्या म्हणाल्या. "एक, गोळ्या. जास्त जातं त्या दिवसांपुरत्या घ्यायच्या. दोन, ही." त्यांनी बोटाच्या पेराएवढी वस्तू तळहातावर ठेवली, मासा पकडायच्या गळासारखी दिसणारी. "पिशवीच्या आत बसवायची. ती थोडं थोडं औषध सोडत राहते, काही वर्षं बघायला नको. पहिले तीन-चार महिने अधूनमधून ठिबकेल, मग बहुतेकींचं अगदी कमी होतं. तीन, आतलं अस्तर उष्णतेनं जाळून टाकायचं. या तिन्ही गोष्टी याच खोलीत होतात, जेवायला माणूस घरी. चार, पिशवी काढणं. ती शेवटची वाट. पहिली नव्हे."

"याच खोलीत?" ग्लेंडानं जिराफाकडे बघितलं. तिच्या घरातली कपडे धुवायची खोली याहून मोठी होती. आठ वर्षं ती किती पेशंट या इमारतीच्या दारात उतरवून गेली होती. पास्कोंना हे माहीत नव्हतं, की सांगायचा कंटाळा होता? तिनं दोन्ही शक्यता तोलून बघितल्या. दोन्ही त्यांना शोभत होत्या.

"लगेच उचलाउचल करता येईल असं कुठलं?"

"दोन नंबर. दुसऱ्या दिवशीपासून. आधी आतला बारीक तुकडा तपासणीला काढून घेऊ, आणि रक्तासाठी शिरेतून लोह देऊ. बसवताना दुखतं. कुणाला चिमटा काढल्यासारखं, कुणाला बाळंतपणासारखं. हिरवी शिट्टी घ्याल का? पण मग चोवीस तास गाडी चालवायची नाही. कुणाला तरी सोबत आणावं लागेल."

घरी गेल्यावर तिनं डॅरिलला विचारलं. तो मेटवुर्स्ट सॉसेजचे तुकडे करत होता.

"गुरुवारी प्रॅक्टिस असते ना गं."

डॅरिल खेळाडू नव्हता, कोच नव्हता. सामना संपला की भोंगा वाजवायचा, एवढंच त्याचं काम.

"दुपारी दोनला आहे. प्रॅक्टिस सहाला."

"पण ऑपरेशन नाहीये ना? साध्या ऑफिसात करतात म्हणालीस. मग तूच जाऊन ये की पटकन."

ऑफिसात करतात तेव्हा ते दुखण्यात धरायचं नाही, हे तर्कशास्त्र ग्लेंडाला इतकं ओळखीचं होतं की तिनं वादसुद्धा घातला नाही. मुळात तिलाही ते पटलं होतं. शिट्टी दुखणाऱ्यांसाठी असते. ती दोन साध्या गोळ्या घेऊन स्वतः गाडी चालवत गेली.

तुकडा काढताना तिनं छताच्या पांढऱ्या फळ्या मोजायला सुरुवात केली.

"शून्य ते दहा?" वीरकूनबाईंनी विचारलं.

"तीन," ग्लेंडा म्हणाली.

"आता?"

फळ्या सतरा होत्या. पोटात कुणीतरी मूठ घालून उलटं फिरवत होतं. "तीन."

"नक्की? मी पुढे जाऊ?"

"जा की."

अठरावी फळी तिला दिसली नाही. जाग आली तेव्हा तिचे पाय उशांवर उंच ठेवलेले होते, नर्स तिची नाडी धरून बसली होती आणि ती गळासारखी वस्तू ट्रेमध्ये तशीच पडली होती.

"नाडी बेचाळीसवर गेली होती," वीरकूनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता आणि त्या भयंकर चिडल्या होत्या. "तुकडा मिळाला, बाकीचं थांबवलं. मी तुमच्या आकड्यावर चालते, ग्लेंडा. तुम्ही तीन म्हणालात, मी पुढे गेले. खरा आकडा किती होता?"

"चार."

"ग्लेंडा."

"फार तर साडेचार."

तोंडातून शब्द गेला आणि तिला क्लॅरी नोस्के दिसला, आभाळाकडे बघणारा, कोपरापासून खाली हात नसलेला. तिनं डोळे मिटून घेतले. एकोणीस वर्षं ज्या मूर्खांना ती मनातल्या मनात फटकावत आली होती, त्या रांगेत ती अगदी पुढे उभी होती.

नर्सनं गाडीची किल्ली द्यायला नकार दिला. डॅरिलचा फोन लागला नाही. लिंडन सत्तर किलोमीटर आला, सोबत बेकरीतली खिम्याची पॅस्टी कागदात गुंडाळून. परतताना अर्ध्या रस्त्यावर त्यानं गाडीचा वेग कमी केला.

"दुखलं?" त्यानं विचारलं.

"थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"तू काय मला प्रश्न विचारतोस? मी शिकवलाय तुला तो."

"हो, तूच शिकवलास," लिंडन म्हणाला. वळण आलं, त्यानं गिअर बदलला. "जुलैत त्या म्हाताऱ्याला उचलायच्या आधी मी विचारलं होतं, बरी आहेस ना? तू म्हणालीस, बरी आहे. गावाला काय सांगायचं ते सांग. मला खोटं सांगू नकोस. स्ट्रेचरचं दुसरं टोक माझ्या हातात असतं."

ग्लेंडानं पॅस्टी खाल्ली. कागदाला चिकटलेला चुरासुद्धा तिनं बोटानं टिपला.

त्यापुढच्या आठवड्यात शनिवारी मैदानावर सामना होता. यादीतून नाव अजून कमी झालेलं नव्हतं, फक्त उचलायला मनाई होती, म्हणून औषधांची पेटी घेऊन ती कडेला उभी होती. तिसऱ्या सत्रात ब्रेडन नावाचा सहा फुटी गडी करंगळी धरून आडवा झाला. ग्लेंडा आणि लिंडन धावले. मागोमाग निम्मा संघ आणि डॅरिल. डॅरिलनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"शून्य ते दहा?" ग्लेंडानं विचारलं.

"अकरा! अकरा आहे, ग्लेंडा! बारा!"

"दे त्याला शिट्टी, दे," डॅरिल म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "बघ ना बिचाऱ्याचं काय झालंय."

ग्लेंडानं पेटीतून हिरवी नळी काढली. बघितली. करंगळी बघितली. मग नळी भरून ब्रेडनच्या तोंडात दिली, कारण करंगळीचा त्यात दोष नव्हता.

"डॅरिल," ती म्हणाली, "या गुरुवारी तू मला किंपाऱ्याला नेतो आहेस."

"आत्ता हे कशाला काढतेस? गुरुवारी प्रॅक्टिस—"

"गुरुवारी माझ्या पिशवीत एक वस्तू बसवणार आहेत. मागच्या वेळी मी तीन सांगितलं आणि टेबलावर बेशुद्ध पडले. नऊ होतं. आठ वर्षं दर महिन्याला सात असतं. आता मी शिट्टी घेणार आहे आणि शिट्टी घेतल्यावर गाडी चालवता येत नाही. भोंगा दुसरा कुणीतरी वाजवेल. बटण आहे, लाल रंगाचं. गाढवालाही दाबता येईल."

भोवती अकरा-बारा तगडे पुरुष उभे होते. सगळ्यांनी एकाच वेळी आपापल्या बुटांकडे बघितलं, जणू बुटांच्या नाड्या आत्ताच कुणी शोधून काढल्या होत्या. शिट्टी ओढून ओढून ब्रेडनला मात्र फार बरं वाटू लागलं होतं.

"नऊ?" तो नळीच्या बाजूनं म्हणाला. "बाप रे, ग्लेंडा. मग माझं दोनच धर."

लिंडननं त्याची करंगळी ओढून जागेवर बसवली.

गुरुवारी डॅरिल आला. सत्तर किलोमीटर त्यानं पावसाबद्दल आणि पंचाच्या आंधळेपणाबद्दल बडबड केली, आणि मग बाहेरच्या खुर्चीवर बाळंतपणाच्या आहाराचं मासिक उलटं धरून बसला. तुकड्याचा अहवाल चांगला आला होता. वीरकूनबाईंनी हिरवी नळी ग्लेंडाच्या हातात दिली.

"कशी ओढायची ते तुम्हाला शिकवायला नको."

शिकवायला नकोच होतं. ती शेकडो लोकांना सांगत आली होती, हळू ओढ, श्वास नळीतच सोड. तरी पहिला झुरका घेताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं. वीरकूनबाईंचं अवजार आत गेलं.

"आकडा?"

"ती—" ग्लेंडा म्हणाली. जीभ आपली जुन्या वाटेनं निघाली होती. छताच्या फळ्या सतराच होत्या. तिला स्ट्रेचरचं दुसरं टोक आठवलं. "नऊ."

खोलीत काही झालं नाही. कुणी हसलं नाही, कुणी बुटांकडे बघितलं नाही. वीरकूनबाईंचे हात फक्त थांबले.

"बरं. मी हलत नाही. चार-पाच झुरके घ्या, सावकाश. आता?"

"सात."

"अजून घ्या."

"पाच. खरंच पाच."

"विश्वास ठेवते," त्या म्हणाल्या, आणि काम तीन मिनिटांत झालं.

परतीच्या वाटेवर ग्लेंडानं क्लबाचं एकही गाणं म्हटलं नाही. म्हणेल अशी डॅरिलला भीती होती.

लोहाच्या दोन बाटल्यांनी रक्त साडेदहावर आलं. तीस ऑगस्टला दाखला गेला. साहेबाचं उत्तर आलं, पुन्हा एकोणीस वर्षांच्या सेवेबद्दल आभार, तोच मजकूर. ग्लेंडानं ते पत्र स्टेशनच्या भिंतीवर चहाच्या डब्यामागे टोचलं.

ठिबकत होतं अजून, सांगितल्याप्रमाणे. पण दिवसाला एक पातळ पॅड पुरत होतं. आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी ती चर्चमध्ये बसली. बाक फार कडक होता असं तिचं मत पडलं.

त्याच दुपारी ग्लेंडा स्टेशनवर असताना फोन आला. कोंबड्यांना दाणे टाकताना मर्ना पायरीवरून पडली होती. ग्लेंडा आणि लिंडन पोचले तेव्हा म्हातारी मातीत आडवी होती, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला, हाताशी दाण्यांचा डबा सरळ उभा करून ठेवलेला.

"शून्य ते दहा, मर्ना?"

"दोन. तुमचं जेवण झालं होतं ना? डॅरिलला भाजलेलं मटण गरम खायला आवडतं."

"खुबा मोडलाय तुझा."

"मग अडीच लिही."

ग्लेंडानं कागदावर लिहिलं. मर्नाची नजर अजून कोंबड्या मोजण्याइतकी तीक्ष्ण होती.

"मी अडीच म्हणाले. तू नऊ लिहिलंस."

"ऐकलं मी. तोंड उघड."

हिरवी नळी म्हातारीनं आधी नाक मुरडून आणि मग, तिसऱ्या झुरक्यापासून, दोन्ही हातांनी धरून ओढली. ती सैल पडेपर्यंत दोघं थांबले. कोंबड्या लिंडनच्या बुटांवरचे दाणे टिपत होत्या.

"हे असलं काहीतरी," मर्ना म्हणाली, "त्या शेडमध्ये हवं होतं. डॅरिल झाल्यानंतर. तीस गाई होत्या. बुटांत साचायचं. बूट उलटा करून ओतायचे आणि पुन्हा घालायचे." तिनं आणखी एक झुरका घेतला. "पास्कोच्या बापाला, तेव्हाच्या डॉक्टरला, सांगितलं होतं मी. कलेजी खा म्हणाला."

ग्लेंडानं तिच्या अंगावरचं ब्लँकेट नीट केलं. करायची गरज नव्हती.

"डॅरिलला सांगू नकोस," मर्ना म्हणाली.

"त्याला सांगून काय कळणार आहे?" ग्लेंडा म्हणाली, आणि स्ट्रेचरच्या आपल्या टोकाशी वाकली. "लिंडन, बरी आहे मी. खरंच. उचल."